नवसाचं पिल्लू

कोंबडी ही मोठी प्रेमळ आई असते, घार दिसली की पिल्लांना पंखाखाली घेते, असं मी वर्गात पोरांना रंगवून सांगायचे. फळ्यावर चित्रही काढायचे. ते बदकासारखं यायचं, पण पोरं समजूतदार होती, कोणी बोलून दाखवायचं नाही. पुढे आमच्या घरच्या कोंबडीनं माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या पिल्लाचं डोकं फोडलं, तेव्हापासून तो भाग मी जरा घाईनं उरकू लागले.

ही ऐंशी साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. मी भिवंडी शहरात वाढलेली. माहेरी कोंबडीची आणि माझी ओळख फक्त ताटातली. लग्न होऊन अंजूरच्या अलीकडच्या एका गावात आले. नवरा भिवंडीत लूमवर जॉबर, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करायचा. शिफ्ट बारा तासांची, आणि उरलेल्या बारांतले दोन जाण्यायेण्यात जायचे. मी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. सासरे मी येण्याआधीच गेलेले. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दहा-बारा कोंबड्या. मानाप्रमाणे ओळीनं उभं करायचं तर आधी सासूबाई, मग कोंबड्या, मग आमचे हे आणि शेवटी मी. पगार आणायचे म्हणून शेवटचा तरी नंबर मिळाला होता, नाहीतर मांजरही माझ्या पुढे गेलं असतं.

सासूबाईंचं आणि माझं भांडण असं नव्हतं. त्या कमी बोलायच्या, मी जास्त बोलायचे, त्यामुळे भांडणाला लागतात तशी दोन माणसं कधी जमलीच नाहीत. मी शिकलेली, त्यातून विज्ञान शिकवणारी. घरात कोणी नजर काढताना दिसलं, दाराला लिंबू बांधलेलं दिसलं, की मला राहवत नसे. दिवाळी झाल्यावर एक तांबूस कोंबडी खुडूक बसली, तेव्हा सासूबाईंनी पाटीत पेंढा घालून तिच्याखाली अकरा अंडी ठेवली आणि अंड्यांमध्ये एक गंजका खिळा टाकला. खिळा कशाला, तर आभाळात गडगडलं तरी अंडी बिघडू नयेत म्हणून. मी त्यांना ढग, वीज आणि लोखंड यांच्याबद्दल चांगलं दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खिळा होता तिथेच राहू दिला.

एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. एक अंडं बिघडलेलं होतं, गडगडाट न होताच. अकराव्या अंड्यातून नुसती टकटक ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडी नऊ पिल्लं घेऊन पाटीतून उतरली आणि अंगणात चरायला लागली. अकराव्याची वाट बघत बसायला तिला वेळ नव्हता. त्यानं दुपारपर्यंत एकट्यानंच कवच फोडलं. बाहेर आलं ते ओलं, मुठीत मावेल एवढंही नाही, आणि एक पाय सरळ बाजूला फाकलेला. उभं राहायला गेलं की त्या पायावर घसरून पडायचं.

ते सुकल्यावर सासूबाईंनी हळूच कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं. कोंबडीनं मान वाकडी करून बघितलं आणि चोच मारून त्याला बाहेर काढलं. पुन्हा सरकवलं, तर या वेळी डोक्यावरच चोच बसली आणि रक्त आलं. तिसऱ्यांदा सासूबाईंनी प्रयत्न केला नाही. त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि मला म्हणाल्या, "ठेव उकिरड्याच्या बाजूला. कावले नेतील. ती आय हाय, तिला कळतं कोन जगायचा तो."

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. आईला कळतं म्हणे. मी तिथल्या तिथे ठरवलं की हे पिल्लू जगवायचं, आणि खरं सांगायचं तर त्यात पिल्लाच्या प्रेमापेक्षा सासूबाईंना खोटं पाडायची इच्छा जास्त होती. प्रेम नंतर आलं. पिल्लू मी पदरात घेतलं आणि आत आले. मागून सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, याचाही मला राग आला.

ह्यांनी लूमवरून सुताचे कोन येतात ते पुठ्ठ्याचं खोकं आणि तुटक्या सुताचा मोठा गुंडाळा आणून दिला. खोक्याला वर भोक पाडून आम्ही बल्ब सोडला. शाई भरायचा ड्रॉपर मी उकळत्या पाण्यात तीनदा धुतला आणि त्यानं साखरपाणी पाजायला लागले. कणी शिजवून, कुस्करून पुढे ठेवली, तर ते खाईना. मग माझ्या लक्षात आलं की टिपायचं कसं हे पिल्लांना आई चोच आपटून दाखवते. आमच्या पिल्लाला ती सोय नव्हती. म्हणून वह्या तपासायची माझी लाल पेन्सिल मी कणीत टकटक आपटायला लागले. शाळा सुटल्यावर खोक्यापुढे उकिडवी बसून मी अर्धा-अर्धा तास पेन्सिल आपटायचे. पहिल्यांदा त्यानं चोच मारली ती कणीला नाही, पेन्सिलीला, पण मारली. मी आनंदानं सासूबाईंना हाक मारली. त्यांनी दारातून बघितलं, "बरं," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळीच लाईट गेली ती दुपार झाली तरी आली नाही. तेव्हा आमच्या गावात लाईट जाण्याला काही कारण लागत नसे, येण्याला मात्र लागायचं. हे ड्युटीवर होते. खोकं थंड पडलं आणि पिल्लू एका कुशीवर कललं. मी त्याला सुतात गुंडाळलं, मग उन्हात धरलं, मग पोलक्यात घातलं, हातांत घेऊन तोंडानं वाफ दिली. पायांची बोटं गार लागत होती. मान अशी लोंबली की मला बघवेना. चोच मध्येच उघडायची आणि आवाज न करता मिटायची. मी ओसरीवर एकटी, हातात एवढंसं काहीतरी मरत होतं, आणि माझ्या सगळ्या शिक्षणात पुढे काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "गावदेवी, एवढं जगू दे. तुला कोंबडा देईन."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आदल्याच आठवड्यात मी चौथीच्या वर्गात नवस ही कशी अंधश्रद्धा आहे ते शिकवून त्यावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. बरं, नवस केला तो केला, त्यात तरी काही अक्कल असावी. नारळ बोलले असते, साडी-चोळी बोलले असते. पण आमच्या गावात गावदेवीला कोंबडाच बोलतात, येता-जाता बायकांच्या तोंडून तेच ऐकलेलं, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडात ऐकलेलंच येतं. कोंबडीच्या पिल्लाचा जीव वाचावा म्हणून मी देवीला कोंबड्याचा जीव कबूल केला होता, हे माझ्या ध्यानात यायला अर्धा तास लागला.

ते ध्यानात येईपर्यंत उशीर झाला होता, कारण सासूबाई दारामागे सुकट निवडत बसल्या होत्या. त्या उठून बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं, पिल्लाकडे बघितलं.

"बोल्लीस ना?" त्या म्हणाल्या. "मंग आता तो देवीचा झाला. आन इकडं."

आणि त्यांनी पिल्लू माझ्या हातातून काढून घेतलं. चुलीत घालून एक वीट तापवली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, हाताच्या मागच्या बाजूनं तिचा शेक पारखून बघितला आणि तिच्याजवळ पिल्लू ठेवून वरून पाटी पालथी घातली. वीट निवली की दुसरी तयार. कोमट पाण्यात बोट बुडवून थेंब-थेंब चोचीच्या कडेला लावत त्या संध्याकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत. लाईट आली तेव्हा पिल्लू पाटीखाली चिवचिवत होतं. मी विचारलं की हे सगळं तुम्हाला येत होतं तर चार दिवस गप्प का बसलात? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, "तवा तो आपला व्हता. मेला असता तं मेला असता. देवीचा माल कसा मरू द्यायचा?"

तिथून पुढे पिल्लाचा आणि माझा संबंध जवळजवळ संपला. सासूबाईंनी त्याच्या दोन्ही पायांना मधे बोटभर अंतर ठेवून सुताच्या धाग्यानं सैल बेडी बांधली, म्हणजे फाकलेला पाय बाजूला जाऊ नये. रोज सकाळ-संध्याकाळ खोबरेल तेल कोमट करून तो पाय चोळायच्या. शेताच्या बांधावरून वाळवीचं ढेकूळ फोडून आणायच्या आणि वाळवी त्याच्यापुढे झटकायच्या. माझ्या कणीकडे त्यानं पुन्हा ढुंकून बघितलं नाही, मग लाल पेन्सिलीचं काय घेऊन बसलात. पंधरा दिवसांनी बेडी सोडली तेव्हा ते सरळ चाललं. सासूबाईंच्या पायात पायात करायचं, त्या बसल्या की मांडीवर चढायचं, आणि त्या त्याच्याशी बोलायच्या. माझ्याशी महिन्याला बोलायच्या तेवढं त्याच्याशी एका दुपारी. भातशेतीत यंदा काय झालं, कोणाच्या घरी कोण आलं होतं, सगळं त्याला माहीत. गावातल्या कित्येक बातम्या मला त्या दोघांचं बोलणं ऐकून कळल्या.

माझ्या नवसाची बातमी गावाला कळायलाही वेळ लागला नव्हता. सोमवारी हजेरी घेताना पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, देवीचा कोंबडा कसा हाय?" पाठोपाठ सगळा वर्ग चौकशी करायला लागला. कोणाची आई म्हणाली होती की बाईंनी बरं केलं, कोणाच्या आजीनं हळद चारायला सांगितली होती. अंधश्रद्धेवरच्या पाच ओळी मी तपासल्याच नाहीत, वह्या तशाच परत दिल्या.

आता माझी सगळी भिस्त एकाच गोष्टीवर होती: पिल्लू कोंबडी निघावी. कोंबडी निघाली तर तिला कोणी देवीला देणार नाही, ती अंडी घालील आणि खुशाल म्हातारी होईल. देवीसाठी मग कुठला तरी कोंबडा बघता येईल. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्याचा तुरा बघायचे. एवढ्या निष्ठेनं मी कधी देवाचं दर्शन घेतलं नाही. तुरा वाढू नये म्हणून मनातल्या मनात कोणाची प्रार्थना करायची तेच कळत नव्हतं, कारण जिची करायची तिलाच तर कोंबडा कबूल केला होता. शेजारच्या काकू कोंबड्यांतल्या जाणकार. त्यांनी दोन महिन्यांचं पिल्लू पायाला धरून उलटं केलं, पिसं चाचपली आणि सांगितलं की कोंबडाच आहे, पैज लावते. मी म्हटलं, चुकत असाल. बाई, तुमचे पाढे चुकतात, असं कोणी म्हटलं तर मी जशी बघेन, तसं काकूंनी माझ्याकडे बघितलं.

फाल्गुनात एके दिवशी शाळा अर्धी होती. मी घरी आले, सासूबाई विहिरीवर गेल्या होत्या. तो अंगणात ऊन खात उभा होता. एकाएकी त्यानं मान ताणली, डोळे मिटले आणि एक चिरका, मधेच तुटलेला आवाज काढला. आरव म्हणावा असा तो नव्हता, पण आरवच होता. मला दुसरं काही सुचलं नाही. मी धावत जाऊन त्याच्यावर पाटी पालथी घातली आणि वर बसले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मी पोरांना वाक्यात उपयोग करायला देत आले होते. पाटीखालून तो पुन्हा आरवला, या वेळी जरा सफाईनं. सासूबाई हंडा घेऊन आल्या तेव्हा मी पाटीवर बसलेली. त्यांनी हंडा उतरवला, मला उठवलं, पाटी उचलली, आणि त्यांच्या तोंडावर जो आनंद मी पाहिला तो माझ्या नेमणुकीच्या वेळीही पाहिला नव्हता. त्यांनी शेजारच्या तीन घरांत गूळ वाटला.

चैत्रात गावदेवीची जत्रा. मला तेव्हा पाचवा महिना लागत होता. पहिले चार महिने अन्नाचा वास सहन होत नव्हता, आता ते निवळत होतं. घरात दोन कामांची तयारी एकदमच चालली होती, माझ्या डोहाळजेवणाची आणि त्याच्या जाण्याची, आणि दोन्हीचा उत्साह सासूबाईंनाच. मी मात्र हटणार नव्हते. मी आधी गावात विचारपूस केली. देवीला दिला जाणारा कोंबडा अव्यंग लागतो, लंगडा-पांगळा चालत नाही, असं काकूंनी सांगितलं. मी मोठ्या आशेनं सासूबाईंना म्हटलं की आई, ह्याचा पाय जन्मापासून अधू, हा कसा चालेल? त्यांनी त्याला अंगणात सोडला आणि दाणे टाकले. तो ऐटीत, सैनिकासारखा चालत गेला. चार महिने तेल चोळून त्यांनी तो पाय असा केला होता की कुठला अधू हेही ओळखू येईना.

मग मी ह्यांना कामाला लावलं. मी बोलले होते ते कोंबडा देईन असं, हाच देईन असं कुठे बोलले होते? ह्यांना कोणाचीच बाजू घ्यायची नव्हती. आईचं ऐकावं तर बायको रुसते, बायकोचं ऐकावं तर आई जेवत नाही. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला आणि शनिवारी शिफ्ट सुटल्यावर भिवंडीच्या बाजारातून एक बॉयलर घेऊन आले. तेव्हा बॉयलर कोंबड्या नव्याच निघाल्या होत्या. पांढराफेक, गलेलठ्ठ, पाय आहेत पण चालायची इच्छा नाही. पिशवीतून काढून अंगणात ठेवला तर जिथे ठेवला तिथेच बसला. आमचा कोंबडा त्याच्याभोवती एक फेरी मारून आला. सासूबाईंनी बराच वेळ त्याला निरखून बघितलं आणि ह्यांना विचारलं की हा आरवतो का. हे म्हणाले, लहान आहे अजून. त्यावर सासूबाईंनी एवढंच विचारलं की देवी काय आजारी आहे, तिला असं मऊ द्यायला? रविवारी आम्ही तो बॉयलर खाल्ला. देवीचा त्यात काही संबंध आला नाही.

शेवटी मी म्हटलं की जिवंतच सोडू या देवीच्या नावानं. सांड नाही का सोडत? फिरू दे गावभर, कोणी हात लावणार नाही. यावर सासूबाई लगेच नाही म्हणाल्या नाहीत.  दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेशीवरच्या गावदेवीकडे जाऊन आल्या, पदराला कुंकू लागलेलं. मला वाटलं, जमलं. पण आल्या त्या म्हणाल्या की आपल्यात असं सोडत नाहीत, बोललेलं असेल ते द्यायचं असतं.

त्या दिवशी मी त्यांना बोलले. एरवी मी बोलायचे ते शिकवायचे, त्या दिवशी टोचायला बोलले. मी म्हटलं, "तुम्हाला काय, आई? तो मेला काय नि जगला काय, तुम्हाला सारखंच. पहिल्याच दिवशी कावळ्यांना घालायला निघाला होतात." त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. मी आणखीही काही बोलले असते, पण सुपाशी किती वेळ भांडणार? मी आत गेले आणि चार महिने ज्या बाईनं एका पिल्लाला मांडीवर वाढवलं तिला मनातल्या मनात कसाई म्हणून मोकळी झाले.

जत्रेच्या सकाळी त्यांनी त्याचे पाय धुतले, कपाळाला हळद-कुंकू लावलं. ह्यांनी त्याला काखेत घेतला. त्यानं पंखही फडफडवला नाही. माणसाच्या अंगाला लागून राहायची त्याला सवय होती. पोटुशीनं तिथे जायचं नाही म्हणून मी घरीच थांबले. मला कांदे चिरायला दिले होते, त्यामुळे रडण्याचं कारण कोणाला सांगावं लागलं नाही. मी खूप रडले. आणि तेव्हाच ठरवलं की हे मी तोंडात घालणार नाही, मग घरात महाभारत झालं तरी चालेल.

तो घरी आला तो पातेल्यात. सासूबाईंनी वाटण काढलं, फोडणी दिली. देवीला दाखवायच्या आधी चाखायचं नसतं, म्हणून मीठ सगळं अंदाजानं. नणंद आणि तिच्या घरची माणसं खारबावहून आली होती. नैवेद्य दाखवून झाला आणि सासूबाईंनी पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं. नवस ज्याचा, त्यानं आधी खायचं, अशी रीत. तांदळाची गरम भाकरी आणि रस्सा. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, रीतीपुरता एक घास घेऊ.

चार महिने माझ्या पोटात धड अन्न टिकलं नव्हतं. त्या वाफेचा वास नाकात गेला आणि मला अशी भूक लागली की तशी त्याआधी कधी लागली नव्हती आणि पुढेही लागली नाही. मी एक घास घेतला. मग दुसरा. मग भाकरी मागितली. सासूबाईंनी काळीज आणि मांडी माझ्याच ताटात वाढली, ती मी खाल्ली, हाड चोखलं आणि रस्सा पुन्हा मागून घेतला. नणंद हसून म्हणाली की वहिनीला बरोबर डोहाळे लागलेत. खोटं कशाला बोलू, मला फार चांगलं लागलं. रडलेले डोळे अजून सुजलेले होते आणि मी बोटं चाटत होते.

पाहुणे चारच्या सुमाराला रिक्षानं गेले. मी उष्टी भांडी घेऊन मागच्या दाराला आले, तर सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. हातात ताटली, ताटलीत अर्धी भाकरी आणि सुकटीची चटणी. मला वाटलं, सगळ्यांना वाढता वाढता रस्सा संपला असेल. पण पातेलं मीच तर झाकून ठेवलं होतं, त्यात दोन माणसांचं उरलेलं होतं. मी म्हटलं, आई, तुम्ही जेवला नाहीत?

"दात दुखतो," त्या म्हणाल्या.

मी भांडी खाली ठेवली आणि तिथेच उभी राहिले. त्यांचे सगळे दात शाबूत होते, ऊस सोलून खायच्या त्या. भाकरीचा तुकडा त्यांनी बराच वेळ चटणीत फिरवला.

"मला काय तो कोंबडा जड झालेला?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुझं पोट हाय. देवीचं आपुन ठेवून घेतलं, आन् तिनं बदल्यात दुसरंच काय मागितलं तं?"

मला हे एकदाही सुचलं नव्हतं. अव्यंग, बॉयलर, हाच की दुसरा, सगळं सुचलं होतं. देवी काही मागत नाही, असं होत नसतं, हे मी त्यांना तेव्हा समजावून सांगू शकले असते. मला येत होतं ते. पण माझ्या तोंडाला अजून रश्शाची चव होती आणि मला एवढी लाज वाटली की मान वर होईना. मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले. त्यांनी हाताला लागलेलं पीठ झटकलं. अंगणात बाकीच्या कोंबड्या चरत होत्या, तिकडे त्यांनी बघितलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "मीठ बरोबर व्हता काय?"

"बरोबर होतं, आई," मी म्हणाले. ते खरंच बरोबर होतं.